कुंपणावर आलेली निळी पुंगळी : 'औषधी आहे' म्हणतात, पण कोणती?

भटकभवानी

मंडळी, एका वेलीची ओळख हवी आहे. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही. कुंपणाच्या तारेवर आपली आपण चढली आणि आता तारच दिसेनाशी झालीये. सकाळी बघावं तर पन्नासेक निळ्या पुंगळ्या उघडलेल्या. ऊन चढलं की जांभळट होतात आणि दुपारी ओल्या टिश्यूपेपरसारख्या चुरगळून लोंबतात. दुसऱ्या दिवशी नव्या.

शेजारच्या आजींनी बी बघितल्याबरोबर सांगितलं, "काढून ठेव गं, पोट साफ व्हायला एक नंबर." त्यांच्या वडिलांकडे डबीत असायचं म्हणे. नाव मात्र आठवेना. नेटवर शोधलं तर एकाच फोटोखाली तीन नावं : मॉर्निंग ग्लोरी, कृष्णबीज, शंखपुष्पी! आणि उपयोगांची यादी बद्धकोष्ठापासून स्मरणशक्तीपर्यंत. एवढं सगळं एका वेलीत असेल तर दवाखाने ओस पडायला हवेत.

वेल नक्की कोणती आणि आजींचं कितपत खरं? फोटो काही केल्या चढत नाहीयेत, शब्दांवरच भागवा.

आळशी_माळी

'निळी पुंगळी' एवढ्यावर ओळख सांगणं म्हणजे 'चष्मेवाला माणूस पाहिलात का' असं विचारण्यासारखं आहे. रताळ्याच्या या कुळात निळ्या-जांभळ्या फुलांच्या वेली ढिगाने आहेत. फुलाचं कौतुक नंतर करू, आधी बाकीचं बघून या. पानाला खाचा आहेत का? खोडावर लव आहे का? फुलाच्या बुडाशी हिरवी निदलं कशी आहेत, आखूड की लांब शेपट्यांची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळलेलं एक बोंड फोडून आत कप्पे किती आणि बिया किती ते मोजा. बी तोंडात घालू नका, एवढं मात्र आत्ताच सांगतो.

टोपणनाव_नाही

अहो, एवढं काय त्यात, याच फुलांचा तो निळा चहा करतात ना? लिंबू पिळलं की जांभळा होतो तो. आमच्याकडेही अशीच वेल आहे, मी आज करून बघणार होतो.

आळशी_माळी

थांबा थांबा! किटली खाली ठेवा. तो चहा गोकर्णाचा. गोकर्ण वाटाण्याच्या कुळातली, तिला चपट्या शेंगा लागतात आणि फूल पुंगळीसारखं नसतं. एक मोठी पाकळी शिंपल्यासारखी पसरलेली असते. पुंगळीच्या वेलीला शेंग येत नाही, गोल बोंड येतं. रंग निळा आणि वेल कुंपणावर, एवढंच काय ते साम्य. तुमच्या वेलीला शेंगा दिसल्या तरच पुढचं बोलू.

टोपणनाव_नाही

शेंगा नाहीत. बोंडं आहेत. चहा रद्द. 🙏

भटकभवानी

गृहपाठ केला. भिंग घेऊन अर्धा तास कुंपणाशी उभी होते, जाणारे-येणारे बघत होते, पण ठीक आहे.

पान हातभर अंतरावरून बदामासारखं वाटतं, पण जवळून तीन भाग स्पष्ट आहेत, मधला मोठा, बाजूचे दोन खांद्यांसारखे. काही कोवळी पानं मात्र सरळ बदामी. खोडावर लव आहे आणि गंमत म्हणजे ती उलटी आहे : वरून खाली बोट फिरवलं तर मऊ लागतं, खालून वर नेलं तर अडकतं. फुलाच्या बुडाशी पाच हिरवी निदलं, तळाशी केसाळ आणि टोकं लांबच लांब निमुळती, शेपट्या म्हणाल तर शेपट्याच. बोंड वाटाण्याहून थोडं मोठं, कागदासारखं. नखाने दाबल्यावर तीन फाका झाल्या. आत तीन कप्पे, प्रत्येकात दोन, म्हणजे सहा बिया. काळ्या-करड्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, एक बाजू फुगीर आणि दोन बाजू सपाट. वास काहीच नाही. दुसऱ्या बोंडात पाचच निघाल्या, एक वाढलीच नव्हती.

आळशी_माळी

शाबास! असं वर्णन मिळालं की फोटोची गरजच उरत नाही.

तीन कप्पे आणि सहा बिया म्हणजे निम्मं काम झालं. या कुळातल्या बऱ्याच पुंगळ्यांच्या बोंडात दोन कप्पे नि चार बिया असतात. बागेतली ती प्रसिद्ध आकाशी 'हेवनली ब्लू' (आयपोमिया ट्रायकलर) चारवाली, शिवाय तिची निदलं आखूड आणि बिनकेसांची. सहावाल्यांत मुख्य भानगड तिघांची. आयपोमियाच्याच परप्युरिया जातीची निदलं आखूड नि रुंदट, पान बहुधा अखंड बदामी. हेडरेसियाची निदलं टोकाला बाहेर वळलेली. तुमच्या वेलीची निदलं सरळ, लांब, निमुळती, पान तीन भागांचं. ही आयपोमिया निल. मराठीत नीलपुष्पी, आणि बीला काळादाणा. कृष्णबीज हे त्याचंच संस्कृत नाव.

शंखपुष्पी मात्र ही नव्हे. ते नाव लोकांनी निदान तीन वनस्पतींना वाटून टाकलंय : जमिनीलगत पसरणारी, पांढरट-गुलाबी फुलांची कॉन्व्होल्व्हुलस प्रोस्ट्रेटस, बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता, आणि काही भागांत चक्क गोकर्ण. पहिल्या दोन रताळ्याच्याच कुळातल्या, म्हणून नेटवर सगळी खिचडी. पण यांतली एकही कुंपणावर चढून मोठ्या निळ्या पुंगळ्या देत नाही.

थोडक्यात, आजी बरोबर आहेत. बी जुलाबाचंच. पुढचं वैद्यांनी सांगावं. खलबत्ता, आहात का?

खलबत्ता

आहे. दवाखाना आवरून बसलोय.

काळादाणा हे रेचक आहे आणि सौम्य नाही. 'पोट साफ होणं' आणि 'रेच होणं' यात फरक आहे, घरगुती सल्ल्यांत तो नेहमी पुसला जातो. इसबगोल, मनुका, गरम पाणी हा एक वर्ग. काळादाणा त्या वर्गात बसत नाही. तो जॅलपच्या रांगेतला. जॅलप ही मेक्सिकोतल्या याच कुळातल्या वेलीची गाठ, एके काळी युरोपभर जुलाबासाठी वापरात होती. इंग्रजी अमदानीत 1868 साली भारतासाठी जी औषधसंहिता निघाली तिच्यात काळादाणा होता, तो जॅलपला इथला पर्याय म्हणूनच. युनानीत हेच बी 'हब्ब-उल-नील' म्हणून येतं. तिथे ते सुंठीसारख्या द्रव्याच्या जोडीनं देतात, कारण एकटं दिलं की पोटात मुरडा येतो. चिनी वैद्यकातही ते जुनंच आहे; अंगावरची सूज उतरवायला, जंत पाडायला आणि रेचक म्हणून. त्यांचा एक नियम मला फार आवडतो : हे बी जमालगोट्याबरोबर (तोही जहाल जुलाबवाला) कधीही द्यायचं नाही. दोन बैल एकाच गाडीला, आणि तेही उतारावर.

बैलावरून आठवलं. चिनी नावाचा अर्थच 'बैल ओढून नेणं' असा आहे. गोष्ट अशी सांगतात की या बीने बरा झालेला एक गरीब शेतकरी वैद्याचे उपकार फेडायला आपला बैल दावणीचा सोडून घेऊन गेला. (माझ्याकडे अजून कुणी बैल आणलेला नाही.)

आता प्रमाण. मला व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलंय. इथे लिहिणार नाही, तिथेही नाही. बी जुनं की ताजं, भाजलेलं की कच्चं, घेणाऱ्याचा कोठा कसा, वय काय, यावर सगळं अवलंबून आहे. गरोदर बाईने, लहान मुलाने, आतड्याला सूज असलेल्याने हे अजिबात घेऊ नये. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनीही नाही. जुलाबातून पोटॅशियम आणखी खाली जातं आणि ते हृदयाला महागात पडतं. आणि ज्याला आयुष्यभर कधी त्रास नव्हता त्याला अचानक बद्धकोष्ठ सुरू झालं असेल, तर त्याने बी शोधू नये, तपासणी करून घ्यावी.

परीक्षानळी

खलबत्तांच्या म्हणण्याला रसायनाची जोड देतो. या बीतलं काम करणारं द्रव्य म्हणजे एक राळ, तिला फार्बिटिन म्हणतात. साखरेच्या साखळीला मेदाम्ल जोडलेलं असतं, अशा रेणूंचं मिश्रण. ती पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. आतड्यात पित्ताशी गाठ पडली की तिचं विघटन होतं आणि तयार होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराला चिडवतात. आतडं पाणी सोडतं, आकसतं, पुढचं आपल्याला माहीत आहे. म्हणजे 'मळ मऊ करणं' वगैरे हळुवार प्रकार इथे नाही, अस्तराला चिमटा काढून काम करून घेणं आहे. मात्रा चुकली तर उलट्या, रक्ताचे जुलाब इथपर्यंत जाऊ शकतं.

जुन्या औषधीग्रंथांत या बीची चव आधी गोडसर आणि मग घशाशी जळजळीत अशी लिहिलेली असते. म्हणजे मुलांच्या हाती लागलं तर पहिला घास थुंकला जाईलच असं नाही. कुंपण घराजवळ असेल तर हे लक्षात ठेवा.

अशा राळी या कुळाची खासियत आहे. रताळं कापल्यावर कडेने पांढरा चीक येतो ना, त्यातही याच जातीचे रेणू असतात, पण फारच थोडे आणि वेगळ्या घडणीचे. एकाच घराण्यात एक भाऊ अन्नदाता आणि दुसरा जुलाबवाला!

दवबिंदू७

मी कधी लिहीत नाही इथे, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या मामांच्या बाबतीत झालेलं सांगते.

मामांना कुणीतरी निरोप पाठवला की रोज सकाळी काळे दाणे खाल्ले की साखर आटोक्यात राहते. त्या निरोपात म्हणायचं होतं कलौंजी. मामांनी वाचलं 'काळे दाणे'. ओळखीच्या एकांनी विचारलं, हवेत का, माझ्याकडे रानातले आहेत. दिले. मामांनी रात्री चमचाभर चावून खाल्ले, वर 'जरा बेचव आहेत' असंही म्हणाले. पहाटे तीनला मामीचा फोन. मी पोचले तेव्हा मामा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेले, कपाळावर गार घाम, ओठ कोरडे, हाताला धरलं तर हात थरथरत होता. पोटात पीळ आला की माणूस दुमडून जायचा.

दवाखान्यात डॉक्टर विचारतायत काय खाल्लं, आणि मामा ठामपणे सांगतायत, कलौंजी. डॉक्टरांना काही मेळ लागेना. मी घरी परत जाऊन वाटीत उरलेलं बी आणलं. कलौंजी मी रोज हाताळते; ती तिळाएवढी, टोकदार, चुरडली की वास येतो. हे तिच्या दुप्पट, संत्र्याच्या फोडीसारखं, चुरडून नाकाशी धरलं तरी वास नाही. भवानीताईंनी केलेलं वर्णन वाचलं आणि ती वाटीच डोळ्यांपुढे आली. दोन दिवस सलाईनवर होते. आता बरे आहेत, पण काळं काही दिसलं की ताट सरकवतात. मोहरीसुद्धा.

खलबत्ता

दवबिंदूताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. बी बरोबर घेऊन गेलात हे तर त्याहून बरं. कुणी रानातलं काही खाऊन आजारी पडलं तर उरलेलं बी, पान, जे असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावं. नाव सांगण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

आणि या नावाचा घोळ मामांचा एकट्याचा नाही. कलौंजीला अरबीत 'हब्बतुस्सौदा' म्हणतात, म्हणजे काळं बी. आणि हे 'हब्ब-उल-नील', निळ्याचं बी. मराठीत आणताना दोन्हींचं 'काळा दाणा' होतं. एक रोजच्या फोडणीत चालतं, दुसरं घेऊन मामा सलाईनवर.

रात्रपाळी

एक प्रश्न, रागावू नका. मॉर्निंग ग्लोरीच्या बियांनी नशा होते असं वाचलंय. एलएसडीसारखी. मग ही तीच का?

परीक्षानळी

रागावायचं कशाला, विचारलंत ते बरं. एलएसडी ज्याने तयार केलं त्या आल्बर्ट हॉफमननेच 1960 मध्ये मेक्सिकोतल्या अशा दोन वेलींच्या बियांत लायसर्जिक आम्लाची अमाइडं (एलएसडीची जवळची नातलग द्रव्यं) शोधली. तिथले मूळ रहिवासी ती बी धार्मिक विधींत वापरत. त्यातली एक वर आलेली ट्रायकलर. आपल्याकडच्या समुद्रशोकाच्या (पानामागे चंदेरी लव असते ती दांडगी वेल) बीतही ती असतात. गंमत अशी की हे रेणू वेल बनवत नाही. पानावर राहणारी एक बुरशी बनवते, ती बीमधूनच पुढच्या पिढीत उतरते. 2011 मध्ये तिला पेरिग्लँड्युला असं नाव मिळालं. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीची ही चुलत बहीण.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ही ती नव्हे. भटकभवानींच्या वेलीच्या बीतून नशा शोधायला गेलात तर दवबिंदूंच्या मामांची रात्र मिळेल. आणि जिच्यात ती द्रव्यं आहेत तिच्यातही मळमळ, उलट्या, रक्तवाहिन्या आकसणं हे आधी येतं. शिवाय पेरणीसाठी विकायच्या बियांना अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. नादी लागू नका.

रात्रपाळी

नाही लागत. रात्रपाळीला कॉफी पुरे आहे.

टोपणनाव_नाही

खलबत्ता, पण मग आयुर्वेदात विरेचनाला काय वापरतात? काळादाणाच का?

खलबत्ता

नाही, आणि इथेच खरी मजा आहे. आमच्याकडे विरेचनाची पट्टराणी या कुळातलीच, पण दुसरी वेल : निशोत्तर, संस्कृतात त्रिवृत्. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या भागात श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे. तीत म्हटलंय, त्रिवृत् सुखविरेचनांत श्रेष्ठ, बहावा मृदू विरेचनांत आणि निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक तीक्ष्ण विरेचनांत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही 'जुलाब' हा एकच शब्द वापरून भागवत नव्हते, प्रतवारी होती. त्याच ग्रंथाच्या कल्पस्थानात निशोत्तरावर अख्खा अध्याय आहे.

रानात ओळखायची तर खोड हातात घ्या. नवं खोड गोल लागत नाही, कडा लागतात, पंखासारख्या उभ्या धारा. फूल पांढरं. फळ धरलं की निदलं मांसल होऊन फळाला कवेत घेतात. वापर मुळाच्या सालीचा. आतला काष्ठभाग काढून टाकायचा असतो, आणि बाजारू मालात नेमका तोच जास्त, त्यामुळे दोन वैद्यांचा अनुभव जुळत नाही. ग्रंथात तिचे दोन प्रकार, अरुण आणि श्याम. श्याम जास्त तीव्र, नाजूक माणसाला अरुण.

आणि हो, 'मी असलं काही घेत नाही' म्हणणाऱ्यांनी घरातली अविपत्तिकर चूर्णाची बाटली फिरवून मागची यादी वाचावी. साखर सोडली तर सगळ्यात मोठा वाटा निशोत्तराचा असतो. आम्लपित्तावर घेतलं आणि सकाळी दोनदा जावं लागलं, याचं नवल वाटायला नको.

आळशी_माळी

च्यायला, दोन वर्षं घेतोय ते चूर्ण. आज कोडं सुटलं.

भटकभवानी

सगळ्यांचे आभार. शेजारच्या आजींना हे सगळं वाचून दाखवलं. मामांच्या गोष्टीशी आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "अगं पण बाबा तीन-चारच दाणे द्यायचे, तेही भाजून, सुंठीबरोबर. आणि आम्हा पोरांना कधीच नाही. डबी फडताळात वर असायची." म्हणजे त्यांना सुंठ आठवत होती, डबीची जागा आठवत होती, फक्त मला सांगताना 'एक नंबर' एवढंच उरलं होतं! खलबत्ता, हे तुमच्याशी जुळतंय ना?

वेल ठेवतेय. हाताला येतील ती बोंडं तडकायच्या आत खुडते, आणि आमच्या बारक्याला एकदा सगळं दाखवून समजावलंय.

जाता जाता एक. आज एका फुलात विचित्र प्रकार दिसला. चार भाग निळे आणि एक भाग पूर्ण पांढरा, जणू कुणी पट्टी लावून कापलंय. शिवाय त्या पांढऱ्यातच दोन-चार निळे शिंतोडे. रोग आहे का हा?

आळशी_माळी

रोग नव्हे, लॉटरी! जपानी लोक याच्यासाठी वेडे झाले होते.

आठव्या शतकाच्या सुमारास ही वेल चीनमधून जपानात गेली ती औषध म्हणून, बीसाठी. तिथे तिचं नाव पडलं 'आसागाओ', सकाळचा चेहरा. मग एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) औषध राहिलं बाजूला आणि लोक फुलांच्या मागे लागले. फाटक्या पाकळ्यांची, पिसासारखी, पट्ट्यांची, शिंतोड्यांची, ओळखूच येणार नाहीत अशी फुलं. तोक्योत अजूनही जुलैत आसागाओंची जत्रा भरते. (या वेलीचं माहेर अमेरिका खंड मानतात. मग ती कोलंबसाच्या आधी चीनमध्ये कशी पोचली, यावर माझी एक रात्र गेलीय. धागा भरकटेल, राहू दे.)

परीक्षानळी

शिंतोड्यांचं कारण उड्या मारणारी जनुकं. डीएनएचा एक तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसतो आणि रंग बंद पडतो. मग फूल घडत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा उठून जातो, त्या पेशीच्या सगळ्या लेकरांत रंग परत येतो. लवकर उठला तर मोठा पट्टा, उशिरा उठला तर ठिपका. 2016 मध्ये या वेलीचा सगळा जनुकसंच वाचून झाला तेव्हा अशा तुकड्यांची मोठी फौजच सापडली. भटकभवानी, ते फूल कुठल्या फांदीवर आहे ते बघून ठेवा. बाकीची बोंडं खुडा, त्याचं खुडू नका.

भटकभवानी

त्या देठाला लाल दोरा बांधून आले आत्ताच. फूल मिटलंय, पण पांढरा भाग अजून ओळखू येतोय. बोंड धरलं तर सहा बिया. इथे कुणाला हव्यात त्यांनी आत्ताच नाव सांगा, पेरायला, खायला नाही.

दवबिंदू७

मला दोन. मामांना न सांगता.